आधी भाषा, मग व्हिसा : तामलवाडीच्या लेकीचे अनुभवाचे बोल

सोलापूरहून तुळजापूरकडे निघालं की जिल्ह्याची हद्द ओलांडल्यावर थोड्याच वेळात आमचं तामलवाडी लागतं. महामार्गावरचा टोलनाका, बाजूला रसायनांचा कारखाना आणि भोवती सोयाबीन-ज्वारीची कोरडवाहू रानं. मी या गावची. सोलापुरात जीएनएम ही नर्सिंगची पदविका घेतली, तिथेच काही वर्षं वॉर्डात काम केलं, आणि आता जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात एका रुग्णालयात परिचारिका आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने याच राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, सुतार, रंगारी, ड्रायव्हर, स्वयंपाकी अशी तीसेक प्रकारची कामं त्यात आहेत आणि पहिल्या टप्प्यासाठी दहा हजार तरुणांचं उद्दिष्ट ठरवलं गेलं. तेव्हापासून काटी, सावरगाव, माळुंब्रा या भागातल्या मुलामुलींचे फोन मला वाढले. "ताई, तिकडं यायचं तर पैसे किती लागतील?" हा बहुतेकांचा पहिला प्रश्न. भाषा किती शिकावी लागेल, हे विचारणारे थोडे. पैसे कमी पडले तर वाट लांबते, एवढंच. भाषा कमी पडली तर माणूस पोहोचूनही कामाच्या बाहेर राहतो, हे मी सोबतच्या कितीतरी जणींच्या बाबतीत पाहिलं आहे. म्हणून जे प्रत्येकीला फोनवर सांगते ते एकदा नीट क्रमाने लिहिते.

१. आधी काम ठरवा. देश आणि भाषा त्यानंतर

"परदेशात जायचंय" एवढ्यावर तयारी सुरू होत नाही. कोणतं काम, कोणत्या देशात आणि त्या कामाला कोणत्या पातळीची भाषा, ही तीन उत्तरं वहीत लिहून काढा. युरोपात भाषेच्या सहा पातळ्या मानतात : ए१, ए२, बी१, बी२, सी१ आणि सी२. ए१ म्हणजे नाव-गाव सांगण्यापुरती भाषा, सी२ म्हणजे जवळजवळ मातृभाषेसारखी.

जर्मनीत परिचारिकेचं काम कायद्याने बांधलेलं आहे. आपलं शिक्षण तिथल्या शासनाने मान्य केल्याशिवाय पूर्ण परिचारिका म्हणून काम करता येत नाही आणि या मान्यतेसाठी बी२ लागते. बारावीनंतर तिथेच जाऊन व्यवसायशिक्षण घ्यायचं, म्हणजे आउसबिल्डुंग करायचं, तर सहसा बी१ किंवा बी२ मागतात. ते दोन ते साडेतीन वर्षांचं असतं आणि शिकताना विद्यावेतन मिळतं. १ जून २०२४ पासून चान्सनकार्टे नावाचा नवा मार्ग सुरू झाला आहे. शिक्षण, अनुभव, वय, भाषा यांचे गुण मोजतात आणि पात्र ठरलेल्याला जर्मनीत जाऊन वर्षभरापर्यंत नोकरी शोधता येते. त्याला ए१ जर्मन किंवा बी२ इंग्रजी ही किमान अट आहे. पण ए१ वर अर्ज करता येतो, काम निभावत नाही, हे लक्षात ठेवा. ड्रायव्हर मंडळींसाठीही एक सांगते : भारतीय परवाना तिथे राहायला गेल्यापासून सहा महिनेच चालतो, आणि ट्रक किंवा बस चालवायची तर युरोपीय परवाना आणि वेगळी व्यावसायिक पात्रता दोन्ही लागतात.

दुसऱ्या देशांचे नियम वेगळे. ब्रिटनमध्ये परिचारिकेला आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ऐकणं, वाचणं, बोलणं यांत ७ आणि लेखनात ६.५ गुण लागतात, किंवा आरोग्य क्षेत्रासाठीची ओईटी परीक्षा चालते. जपानने एप्रिल २०१९ पासून कुशल कामगारांसाठी जो व्हिसा सुरू केला, त्याला जपानी भाषेची एन४ किंवा तिच्या बरोबरीची परीक्षा आणि त्या कामाची कौशल्य परीक्षा, अशा दोन्ही पार कराव्या लागतात. वृद्धांची काळजी घेण्याच्या कामासाठी भाषेची आणखी एक चाचणी असते. म्हणजे काम ठरलं की अभ्यास ठरतो. काम न ठरवता लावलेला क्लास अर्ध्यात सुटतो.

२. भाषेचा वेळ आधीच मोजा

"तीन महिन्यांत बी२" अशा जाहिराती मी सोलापुरातही पाहिल्या आणि पुण्यातही. त्यांच्यावर विश्वास ठेवण्याआधी कागद-पेन घ्या. ग्योथे इन्स्टिट्यूट, जिला आपल्याकडे मॅक्सम्युलर भवन म्हणतात, तिच्या अंदाजानुसार शून्यापासून बी२ पर्यंत जायला ४५ मिनिटांच्या ६०० ते ८०० तासिका लागतात. रोज तीन तासिका, आठवड्याचे सहा दिवस धरले तर हे आठ ते दहा महिने होतात, तेही एकही खंड न पडता. घरचा अभ्यास त्यात धरलेला नाही. ड्युटी सांभाळून शिकायचं असेल तर दीड वर्ष मनाशी धरा. पाऊस पडल्यावर बियाणं शोधायला निघालेल्याची पेरणी साधत नाही. भरतीची जाहिरात आल्यावर ए१ चं पुस्तक उघडणाऱ्याचंही तसंच होतं.

तामलवाडीत राहून सुरुवात करता येते, हे मी स्वतः केलं आहे. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचे 'निकोस वेग' हे धडे मोबाइलवर मोफत आहेत आणि बी१ पर्यंत जातात. पहिल्या दोन पातळ्या गावात किंवा सोलापुरात राहून होऊ शकतात. बी१ च्या पुढे मात्र समोर बोलणारा शिक्षक आणि बोलायला सोबती हवेत. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे, विद्यापीठाचा रानडे इन्स्टिट्यूटमधला परकीय भाषा विभाग आहे. पुण्यात राहण्याचा खर्च करायचाच असेल तर तो या टप्प्यासाठी राखून ठेवा. वर्णमाला आणि ओळखीपाळखीची वाक्यं शिकायला खोलीभाडं भरू नका.

३. जर्मन शिकताना मराठीचा आधार घ्या

जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकलेली मुलं मला सांगतात, "ताई, आमचं इंग्रजीच कच्चं, जर्मन कसं जमंल?" त्यांना मी ठामपणे सांगते की जर्मनचं दार इंग्रजीतूनच उघडतं असं नाही. बहुतेक क्लासमध्ये जर्मन इंग्रजीतून समजावतात, म्हणून ते अवघड वाटतं. मराठीतून पाहा.

जर्मनला तीन लिंगं आहेत आणि मराठीलाही तीन आहेत. इंग्रजीत वाढलेल्याला हे कोडं वाटतं, आपल्याला 'तो, ती, ते' जन्मापासून ठाऊक. कोणती वस्तू कोणत्या लिंगाची, हे मात्र दोन्ही भाषांत जुळत नाही, म्हणून प्रत्येक नाम त्याच्या लिंगासकट पाठ करावं लागतं. तू आणि तुम्ही हा भेद जर्मनमध्ये जसाच्या तसा आहे. रुग्णाला आणि वरिष्ठांना कसं संबोधायचं हे आपल्याला आतूनच कळतं. गौणवाक्यात क्रियापद शेवटी जातं, तेही मराठी माणसाला परकं नाही. चाक आणि चमचा म्हणताना आपण जो 'च' म्हणतो, जवळपास तोच उच्चार जर्मनमध्ये जागोजाग येतो. ओठ गोल करून म्हणायचे दोन-तीन स्वर तेवढे आपल्याकडे नाहीत. ते आरशासमोर उभं राहून शिकावे लागतात.

शिवाय दुसऱ्याची भाषा शिकणं आपल्याला नवं नाही. आमच्या तुळजापूर तालुक्यात १९४८ पर्यंत निजामाचं राज्य होतं. सरकारी कामकाज उर्दूत चालायचं, आणि मोठी बाजारपेठ सोलापूरची, म्हणजे इंग्रजांच्या अंमलातली. इकडे निजामाचा हाली रुपया, तिकडे इंग्रजांचा कलदार. माझे आजोबा घरी मराठी बोलायचे, शाळेत उर्दू लिहायला शिकले आणि सोलापूरच्या पेठेत कानडी-तेलुगू ऐकून समजून घ्यायचे. पोटासाठी दुसऱ्याची भाषा शिकणं या मुलखाने पिढ्यान्‌पिढ्या केलं आहे. आपल्याला भाषा जमत नाहीत, हा न्यूनगंड आपल्या घरांच्या इतिहासाला धरून नाही.

४. परीक्षेची भाषा आणि वॉर्डातली भाषा, दोन्हींचा सराव करा

ग्योथेच्या बी२ परीक्षेचे चार भाग असतात : वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण. प्रत्येकात १०० पैकी ६० गुण लागतात आणि एखादा भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. ही परीक्षा प्रामाणिक आहे. तिची तयारी मन लावून करा. पण परीक्षेच्या ध्वनिफितीतला माणूस स्वच्छ, प्रमाण जर्मन बोलतो. वॉर्डात कवळी काढून ठेवलेल्या आजी बोलतात. त्या श्वेबिश बोलतात, म्हणजे या भागातली बोली. डॉक्टर चालता चालता सूचना देतात. सकाळची पाळी दुपारच्या पाळीला काही मिनिटांत सगळ्या रुग्णांची माहिती देते आणि निघून जाते. फोन वाजतो आणि पलीकडचा चेहरा दिसत नाही. पहिल्या काही महिन्यांत मला सर्वांत जड गेलं ते फोनवरचं बोलणं. जवळजवळ प्रत्येक भारतीय सिस्टर हेच सांगते.

याची तयारी इथेच करता येते. मी आणि माझ्या सोबतिणींनी केलेल्या आणि उपयोगी ठरलेल्या गोष्टी या :

रोज संध्याकाळी तीन काल्पनिक रुग्णांची माहिती जर्मनमधून मोठ्याने सांगायची. वय, आजार, रात्र कशी गेली, कोणतं औषध दिलं, काय बाकी आहे. ते मोबाइलवर रेकॉर्ड करायचं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः ऐकायचं.

मैत्रिणीशी जर्मनमधून फक्त आवाजाचा कॉल करायचा. व्हिडिओ बंद. एकीने नातेवाईक व्हायचं, दुसरीने सिस्टर.

ज्या राज्यात जायचं तिथलं स्थानिक रेडिओ स्टेशन कामं करताना लावून ठेवायचं. आमच्या राज्यासाठी ते एसडब्ल्यूआर. सगळं कळण्याची गरज नाही, कान तयार होतात.

"पुन्हा सांगाल का?" आणि "मी असं ऐकलं, बरोबर आहे ना?" ही दोन वाक्यं इतकी घोटायची की झोपेतही बिनचूक यावीत. न समजता मान हलवणं रुग्णासाठी धोक्याचं आहे. ऐकलेलं परत बोलून दाखवणाऱ्या परिचारिकेचा तिथे मान वाढतो.

या बाबतीत सोलापूरचा वारसा आपल्याला फार मोठा मिळाला आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. युद्ध चालू असताना ते चिनी बोलायला आणि वाचायला शिकले, बेथून इंटरनॅशनल पीस हॉस्पिटलचे प्रमुख झाले आणि १९४२ मध्ये अवघ्या ३२ व्या वर्षी तिथेच वारले. आजही चीनमध्ये त्यांचं नाव आदराने घेतात. त्यांची शस्त्रक्रियेतली निपुणता मोठी होतीच, पण जखमी सैनिकाशी त्याच्या भाषेत बोलणारा डॉक्टर म्हणून ते त्या लोकांचे झाले. आपल्या गावापासून तासाभराच्या अंतरावर त्यांचं स्मारक आहे. परदेशी निघणाऱ्या प्रत्येक परिचारिकेने एकदा तिथे जाऊन यावं.

५. आकड्यांचा अभ्यास वेगळा करा

औषधाच्या कामात आकडा चुकला तर माणूस दगावू शकतो, म्हणून याला वेगळा क्रमांक दिला. जर्मनमध्ये एकवीस, पंचवीस, अठ्ठेचाळीस हे आकडे मराठीसारखेच एकक आधी घेऊन बोलतात. हिंदी-मराठी माणसाला हे सोपं जायला हवं, पण आपण इंग्रजीतून आकडे लिहायला सरावलेलो असतो आणि हात उलट चालतो. ऐकून आकडे लिहिण्याचा सराव रोज दहा मिनिटं करा : रक्तदाब, नाडी, ताप, खोली क्रमांक, फोन क्रमांक.

लिहिण्याची पद्धतही वेगळी आहे. आपण जिथे दशांश बिंदू देतो तिथे ते स्वल्पविराम देतात, आणि हजारासाठी आपण स्वल्पविराम देतो तिथे ते बिंदू देतात. हेपरिनचे ५,००० युनिट तिथे ५.००० असे लिहिलेले दिसतील आणि अडीच मिलिग्रॅम २,५ असे. हाताने लिहिलेला त्यांचा एक आपल्याला सातासारखा दिसतो. खरा सात ते मधे आडवी रेघ देऊन काढतात. साडेसात वाजले हे सांगताना ते आठचं नाव घेतात, त्यामुळे नवीन माणूस साडेआठ समजतो आणि पाळीला तासभर उशिरा पोहोचतो. या गोष्टी कोणत्याही परीक्षेत फारशा विचारत नाहीत, पण कामाच्या पहिल्या दिवसापासून लागतात.

६. कामाचे शब्द इथल्याच कामावर गोळा करा

सोलापुरात ड्युटीवर असताना मी खिशात छोटी वही ठेवायचे. ज्या वस्तूला हात लागेल तिचं जर्मन नाव त्या रात्री शोधायचं : चादर, बेडपॅन, सलाइन, ड्रेसिंग, कॅथेटर, व्हीलचेअर. मग त्या वस्तूचं एक पूर्ण वाक्य. "मी तुमचं ड्रेसिंग आता बदलते, थोडं दुखेल." सुटा शब्द विसरतो, रुग्णाला म्हणायचं वाक्य विसरत नाही. हातात काम असताना शिकलेली भाषा हाताबरोबर राहते.

हे फक्त सिस्टरांसाठी नाही. आयटीआय करून तामलवाडीच्या कारखान्यात लागलेल्या फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन मुलांनीही हेच करावं. पाना, झडप, फ्यूज, अर्थिंग, गळती, हातमोजे, चेहऱ्यावरचं संरक्षण, "वीज बंद केली आहे", "इथे हात लावू नका". रसायनांच्या पिंपांवर असलेली धोक्याची लाल चौकटीतली चिन्हं जगभर सारखी आहेत. त्यांच्याखालची जर्मन वाक्यं शिकून घ्या. तिथे पहिल्या आठवड्यात सुरक्षेची माहिती देतात आणि समजलं म्हणून सही घेतात. न समजता केलेली सही स्वतःच्या जिवावर बेतते.

आणि हात सोडू नका. वर्षभर फक्त भाषा शिकत बसलेल्या परिचारिकेला मुलाखतीत पहिला प्रश्न विचारतात तो मधल्या काळात काय केलं याचा. शक्य असेल तर अर्धवेळ तरी काम चालू ठेवा.

७. तिथली कामाची रीत आधी समजून घ्या

आपल्या रुग्णालयात रुग्णाजवळ नातेवाईक बसतो. अंघोळ, जेवण भरवणं, कूस बदलणं, संडासला नेणं हे बरंचसं तो, मावशी किंवा वॉर्डबॉय करतात. सिस्टर इंजेक्शन, सलाइन, औषधं, नोंदी पाहते. जर्मनीत नातेवाईक भेटीपुरता येतो. अंगाची सगळी काळजी परिचारिकेच्याच कामात येते आणि ती कमी दर्जाची मानली जात नाही. रुग्णाला पुसून घेतानाच त्याच्या कातडीवरचे व्रण, सूज, मनःस्थिती कळते, असं तिथलं शास्त्र सांगतं. हे आधी ठाऊक नसलेल्या शिकल्या-सवरल्या मुली पहिल्या महिन्यात खचतात आणि घरी रडत फोन करतात. ज्या मुलीने गावात आपल्या आजारी आजीची सेवा केली आहे, तिच्याजवळ या कामाची खरी शिदोरी आहे. ते मुलाखतीत अभिमानाने सांगा.

दुसरी गोष्ट बोलण्याची. तिथे वरिष्ठाला प्रश्न विचारणं उद्धटपणा समजत नाहीत. गप्प राहणं मात्र बेजबाबदारपणा समजतात. "मला हे येत नाही, दाखवा" हे वाक्य न लाजता म्हणता आलं पाहिजे. आपल्याकडे मोठ्यांसमोर मान खाली घालायला शिकवतात, त्यामुळे हे वाक्य व्याकरणाने येतं पण तोंडातून निघत नाही. त्याचाही सराव इथेच करावा. तिसरी गोष्ट नोंदींची : जे लिहिलं नाही ते केलं नाही, असं तिथे धरतात. म्हणून लेखनाचा अभ्यास संभाषणाइतकाच गंभीरपणे घ्या.

८. कागद भाषेच्या बरोबरीने तयार करा

भाषेचं प्रमाणपत्र हातात आल्यावर कागद गोळा करायला बसाल तर सहा महिने सहज जातात. दहावी, बारावी, जीएनएम किंवा बीएस्सीच्या सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, विषयवार आणि प्रात्यक्षिकाचे तास दाखवणारा अभ्यासक्रम, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, वॉर्ड आणि तारखांसह अनुभवाचं प्रमाणपत्र, या सगळ्यांची अधिकृत भाषांतरकाराकडून जर्मन भाषांतरं. बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये श्टुटगार्टचं प्रशासन कार्यालय हे तपासतं. तासांत तफावत निघाली तर पूरक प्रशिक्षण किंवा ज्ञानचाचणी यांतलं एक करावं लागतं. तोवर सहायक म्हणून काम आणि सहायकाचा पगार. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

आपल्या जिल्ह्यातल्यांनी दोन बाबी खास तपासाव्यात. पहिली : २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं. जुन्या दाखल्यांवर आणि अनेकांच्या पासपोर्टवर जन्मस्थान उस्मानाबाद आहे, नव्या दाखल्यांवर धाराशिव येतं. नामांतराच्या राजपत्राची प्रत आणि तिचं भाषांतर फायलीत ठेवलं की शंका तिथल्या तिथे मिटते. दुसरी : आपलं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव यांचा क्रम आणि रोमन लिपीतली अक्षरं सगळ्या कागदांवर एकसारखी हवीत. लग्नानंतर नाव बदललं असेल तर आधी पासपोर्ट दुरुस्त करा, मग परीक्षेचा अर्ज भरा.

९. पैसे देण्याआधी कायदा माहीत करून घ्या

परदेशात नोकरी लावून देणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. त्याचा नोंदणी क्रमांक मागा आणि ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर स्वतः तपासा. त्याला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं, आणि त्याची पावती मिळालीच पाहिजे. दोन-चार लाख रोख मागणाऱ्याच्या दारातूनच परत या. जर्मनीत परिचारिकांच्या न्याय्य भरतीसाठी सरकारी मानचिन्ह आहे. ते मिळवलेल्या संस्थेला उमेदवाराकडून भरतीचा खर्च घेता येत नाही, तो तिथल्या रुग्णालयाने करायचा असतो. आधी संस्थेकडे हे मानचिन्ह आहे का ते विचारा. पर्यटक व्हिसावर पाठवून "तिथं गेल्यावर बघू" म्हणणाऱ्याचं कधीच ऐकू नका. म्यानमार आणि कंबोडियातल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर अडकलेली भारतीय मुलं अशाच आमिषांनी गेली होती.

करारावर सही करण्याआधी तो समजेल त्या भाषेत वाचा. पगाराचा आकडा कपातीआधीचा असतो. कर, आरोग्य विमा, निवृत्तिवेतन वगैरे वजा जाता एकट्या माणसाच्या हातात साधारण दोन तृतीयांश येतो आणि त्यातून घरभाडं जातं. नोकरी मुदतीआधी सोडली तर भाषावर्गाचा खर्च परत द्यावा लागेल असं कलम आहे का, किती रकमेचं आहे, तेही पाहा.

१०. घराची तयारी करा

पहिल्या वर्षी घरी मोठी रक्कम पाठवता येणार नाही, हे आई-वडिलांना निघण्याआधी सांगा. जमीन गहाण टाकून जाऊ नका. कर्जाच्या धाकाने माणूस वाईट करारही निमूट सोसतो. दसऱ्याला आणि नवरात्रात, तुळजापूरची वाट भवानीच्या भक्तांनी भरून जाते तेव्हा, तुमची नाइट ड्युटी असेल. त्याची मनाला तयारी हवी. स्वयंपाक, बँकेचे व्यवहार, एकट्याने प्रवास हे मुलगा असो वा मुलगी, सर्वांनी इथेच शिकावं. आणि मुलीच्या आई-वडिलांना हात जोडून सांगते : पोरीच्या लग्नाची घाई करून तिचा बी२ चा अभ्यास मधेच तोडू नका. भाषेत खंड पडला की पुन्हा मागच्या पातळीपासून चढावं लागतं.

११. व्हिसा आला नाही तरी उपयोगी पडेल अशी तयारी करा

सरकारी करार झाला म्हणून लगेच विमान मिळत नाही. प्रक्रिया लांबतात, नियम बदलतात, मुलाखतीत नकार येतो. पण शिकलेली भाषा कोणी काढून घेत नाही. चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझचे कारखाने आहेत, पुण्यात जर्मन कंपन्यांची कार्यालयं आहेत. जर्मन येणारा तंत्रज्ञ, भाषांतरकार, शिक्षक या सगळ्यांना इथेही काम आहे. आपल्या तालुक्यात जर्मन शिकवू शकणारं माणूस तयार झालं तर पुढच्या पोरांचा पुण्यातल्या खोलीभाड्याचा खर्च वाचेल. ही तयारी वाया जात नाही.

तामलवाडीच्या आणि आसपासच्या मुलामुलींना माझं एवढंच सांगणं आहे. चार-पाच जण एकत्र या. गावातल्या शाळेची किंवा ग्रामपंचायतीची एक खोली संध्याकाळी दोन तास मागून घ्या. एक मोबाइल, एक फळा, एक वही एवढ्यावर ए१ सुरू होतं. गावातल्या कर्त्या माणसांना विनंती : ही खोली द्या, विजेचं बिल भरा, आणि मुलींना अंधार पडल्यावर घरी सोडायची व्यवस्था करा. कोणत्याही योजनेच्या घोषणेची वाट पाहू नका. घोषणा येईल तेव्हा बी१ चं प्रमाणपत्र हातात असलेली पोरं तामलवाडीत असली पाहिजेत.